बाबांची दिवसाआडची गोळी

आमच्या नातेवाइकांत बाबांच्या आजारपणाची हकिगत अजून सांगितली जाते. बाबांचं हृदय कमजोर झालं होतं, आईने जेवणातलं मीठ कमी केलं नाही म्हणून पाय सुजले, आणि बाबाही हट्टी, गोळ्या चुकवायचे, म्हणून एकदा मरता मरता वाचले. लग्नात, साखरपुड्यात कुणाच्या ब्लडप्रेशरचा विषय निघाला की ही हकिगत निघते आणि आई मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसते.

हकिगत खोटी आहे. गोळ्या बाबा चुकवत नव्हते, मी चुकवत होतो. एवढं एक वाक्य लिहायला मला पंधरा वर्षांहून जास्त लागली. मी मुळातच कमी बोलणारा, असं सगळे म्हणतात. ते खरं आहे, पण त्यातलं निम्मं गप्प राहणं या एका गोष्टीमुळे अंगाला लागलेलं आहे.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं गेली असतील. भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर आणि घराला लागूनच आठ लूमचा कारखाना. आजोबांची भातशेती होती आणि खाडीत जाळं. बाबांनी शेतातल्याच एका तुकड्यावर शेड टाकली. लूमच्या खडखडाटात वाढल्यामुळे आम्ही सगळे मोठ्याने बोलायचो. वीज गेली की अख्खी गल्ली एकदम शांत व्हायची आणि शेजारच्या घरातलं भांडण मधूनच ऐकू यायचं, मग भांडणारे आवाज खाली करायचे. कारीगर बाहेर ओट्यावर येऊन बसायचे, उत्तरेकडचे सगळे, अंगावर कापसाचा रुवा, भुवया पांढऱ्या. आई त्यांना चहा द्यायची. त्या अर्ध्या तासाइतकं सुख मी नंतर कुठे पाहिलं नाही.

बाबांना लिहायला-वाचायला फारसं यायचं नाही, पण कान असा की विचारू नका. जेवताना भिंतीपलीकडे आठ लूम चालू असायच्या आणि हे भाताचा घास हातात धरून थांबायचे. म्हणायचे, तिसरीचा आवाज लंगडा येतोय. आम्हाला एकच खडखडाट ऐकू येई. मी उठून जाऊन बघावं, तर खरंच आडवं सूत नेणारा धोटा एका बाजूला घासत असायचा. लूम दुरुस्त करणारा जॉबर आम्ही ठेवला होता, तोही अडला की 'चाचा को बुलाओ' म्हणायचा.

मग एका वर्षी बाबांना कारखान्याच्या दोन पायऱ्या चढताना दम लागायला लागला. आडवं झालं की श्वास पुरेना, दोन उशा घेऊन झोपायचे. ब्लडप्रेशर आधीपासूनच होतं. तपासण्या झाल्या, हृदयाची सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचा पंप थकलाय, रक्त पुढे ढकलायला कमी पडतोय. पण घाबरू नका, चांगली गोळी आहे. ती रक्ताच्या नळ्या सैल करते, दाब उतरतो, आणि थकलेल्या हृदयाला कमी जोर लावावा लागतो. ही गोळी नीट चालली तर काका अजून पुष्कळ वर्षं काढतील, असं ते बाबांकडे बघून म्हणाले.

डॉक्टर समजावून सांगणारे होते. सुरुवातीला उठताना गरगरेल, म्हणून पलंगावरून एकदम उठायचं नाही, पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं. कोरडा खोकला लागला तर कळवायचं. ओठ, जीभ, चेहरा सुजला तर गोळी थांबवून धावत यायचं. उलट्या-जुलाब झाले तरी विचारायचं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने दुखण्याची गोळी आणायची नाही, मूत्रपिंडाला त्रास होतो. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, तेही न विचारता आणायचं नाही, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि ही गोळीही शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. रक्ताची तपासणी वेळेवर करायची. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. आणि काही झालं तरी आपण होऊन बंद करायची नाही.

हे सगळं मी कारखान्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी कुणाला सांगू शकत नाही.

पहिल्याच आठवड्यात ते झालं. बाबा तिसऱ्या लूमखाली वाकून काहीतरी बघत होते. उठले आणि डोलले. हात चालत्या पट्ट्याकडे गेला. बाजूच्या कारीगराने बनियन धरून मागे खेचलं म्हणून, नाहीतर त्या दिवशी हातच गेला असता. बाबा गोणीवर बसले, पाणी प्यायले आणि हसून म्हणाले, "जरा अंधारी आली. काय न्हाय."

डॉक्टरांना फोन करणं हे एक काम होतं. बाबांना काही दिवस शेडमध्ये येऊ न देणं हे दुसरं. मी दोन्ही केली नाहीत. जॉबर गावी गेला होता, तो परत येतोय की नाही याचा पत्ता नव्हता. ईद आणि दिवाळी मागोमाग होती, व्यापाऱ्याचा माणूस दिवसाआड येऊन कापडाचे ताके मागत होता. बाबा शेडमध्ये नसले तर दोन लूम तरी बंद राहणार हे मला दिसत होतं. मी तेव्हा तिशीतला, कारखाना नुकताच माझ्या हातात आलेला, आणि तो मी चालवू शकतो हे मला गल्लीला दाखवायचं होतं.

संध्याकाळी बाबांना सांगितलं, डॉक्टरांना फोन केला होता, ते म्हणाले दिवसाआड घ्या. मी फोन केला नव्हता.

बाबांनी मान डोलावली. त्यांचा माझ्या शिकण्यावर विश्वास होता, मी बारावी. रोज सकाळी ते चहाआधी माझ्यासमोर तळहात उघडायचे. मी गोळी ठेवली की तोंडात टाकायचे, नाही ठेवली की हात तसाच मिटायचे. कधी विचारलं नाही. दिवसाआड हेही फार दिवस टिकलं नाही. काम जास्त असलं की मी आज नको, उद्या, असं करायचो. शेवटी शेवटी फक्त शुक्रवारी द्यायचो, कारण शुक्रवारी कारखाना बंद. उरलेल्या पट्ट्या शेडमधल्या कपाटात, रिकाम्या बॉबिनच्या खोक्यात टाकायचो. मनाला एक कारण सापडलं होतं, की मी त्यांचा हात वाचवतोय. ते अगदीच खोटं नव्हतं, म्हणूनच ते इतकं चाललं.

आणि बाबा कामाला उभे राहिले. ते दिवस आठवले की मला अजून आनंद होतो, हे सांगायला लाज वाटते. आठही लूम चालू, बाबा मधल्या वाटेत उभे, कान तिरका करून. कारीगर त्यांच्याकडे बघून हसायचे. ईदच्या शेवयांचा डबा आला, त्यातल्या शेवया बाबांनी उभ्याउभ्याच खाल्ल्या. ताके वेळेवर गेले.

दोन महिन्यांनी बाबांची चप्पल पायात जाईना. घोट्याजवळ बोटाने दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. दोन उशांच्या तीन झाल्या.

डॉक्टरांकडे आम्ही तिघे गेलो, बाबा, आई आणि मी. डॉक्टरांनी पाय बघितले, छाती तपासली आणि मला विचारलं, "गोळी रोज घेतात?"

"रोज," मी म्हणालो.

"एकही चुकली नाही?"

"नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. लूमचा आवाज लंगडा आला की बघायचे, तसंच. मग त्यांनी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवली. मी दिवसाआड कुठून आणलं होतं, ते त्यांना त्या क्षणी कळलं.

डॉक्टर विचारात पडले. गोळी चालू असून सूज का, मग मीठ कुठून जातंय, असं त्यांनी विचारलं. आणि मी, विचारलं नसतं तरी चाललं असतं अशा घाईने, म्हणालो की आई अजून सुकट-बोंबील करते. आईने दोन महिन्यांत एकदाच केलं होतं, तेही पाहुण्यांसाठी, आणि बाबांच्या ताटात वाढलं नव्हतं. तिने तसं सांगायला तोंड उघडलं, पण डॉक्टर तिला रागावलेच. सुकी मासळी म्हणजे मीठच, काकू, तुम्ही त्यांच्या जिवावर उठलात का, असं म्हणाले.  घरी आल्यावर आईने मासळीचा डबा शेजारणीला देऊन टाकला आणि स्वतःचंही जेवण बाबांच्या पातेल्यातलं, अळणी, सुरू केलं.

डॉक्टरांनी गोळीचा डोस दुप्पट केला होता. वर लघवीची एक गोळी दिली होती. त्यांच्या हिशेबाने बाबांचं अंग पहिल्या डोसला सरावलेलं होतं. ते सरावलेलं नाही हे जगात फक्त दोघांना माहीत होतं आणि दोघेही त्या खोलीत गप्प होतो.

मी घाबरलो होतो. आता सगळं नीट करायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून दुप्पट डोसची गोळी रोज, न चुकता बाबांच्या हातावर ठेवायला लागलो. मला वाटलं, हीच भरपाई. बाबा म्हणाले डोकं हलकं वाटतंय. मी म्हणालो, सुरुवातीला वाटतं.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी आम्ही अकलोलीला गेलो. बाबांचे गुडघे फार दुखत होते, दुखण्याची गोळी डॉक्टरांनी बंद केलेली, मग आमच्याकडे गुडघ्यांवरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय म्हणजे अकलोलीची गरम पाण्याची कुंडं. पाणी काही औषध नव्हे, ते डॉक्टरांना काय विचारायचं, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. आत्यानेच बेत ठरवला होता. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, अंबाडीजवळ राहणारी, तोंडाने तिखट आणि भावावर जीव टाकणारी. जीप केली. वाटेत अंबाडीला तिला घेतलं. बाबा पुढे बसून तिला चिडवत होते की गाडी एका बाजूला झुकली, आता ड्रायव्हर जादा भाडं मागंल. आत्या म्हणाली, "तुझा तोंड सुजला न्हाय ता बरा झाला."

कुंडात बाबा गळ्यापर्यंत बसले. चेहरा लाल झाला, डोळे मिटले. मला म्हणाले, बरं वाटतं. मी पायरीवर बसून होतो. किती वेळ बसू द्यायचं हे मला सुचलं नाही. गोळीने नळ्या सैल होतात हे मी माझ्याच हाताने वहीत लिहिलं होतं, गरम पाणीही तेच करतं हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

बाबा उठले आणि उभ्या उभ्या खाली आले. कपाळ दगडी पायरीवर आपटलं. हाक मारली, तर ओ नाही. ओठ पांढरे. आत्याने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि आई त्यांचे पाय चोळत सुटली. जीपने अंबाडीला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी जखम बांधली, सलाईन लावलं आणि ब्लडप्रेशर फारच खाली आहे, ताबडतोब भिवंडीला न्या म्हणाले. तो सगळा रस्ता बाबांचं डोकं माझ्या हातात होतं आणि मी आतल्या आत एकच गोष्ट बोलत होतो, की वाचले तर सांगेन.

वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळाला टाके, हाताला सलाईन, पण उशीला टेकून बसले होते. आमचे डॉक्टर आले. तेही गोंधळले होते. दोन महिने ही गोळी घेतायत, तरी वाढवल्याबरोबर दाब इतका कसा कोसळला? गरम पाणी हे कारण होतं, पण तेवढ्याने त्यांचं समाधान होईना. म्हणाले, एक तर ही गोळी घेऊनही सूज येते, आणि वाढवली तर सोसत नाही. म्हणजे काकांना ही चालत नाही. बंदच करू. दुसरं काही बघू, पण हिच्याइतकं चांगलं माझ्याकडे काही नाही.

हीच ती वेळ होती. मला माहीत होतं की गोळी चालत नाही असं नाही, ती दिलीच गेलेली नाही. ज्या गोळीने बाबा पुष्कळ वर्षं काढणार होते, ती माझ्या एका शब्दावाचून बंद होत होती. आई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, दारात आत्या.  मी सांगणार होतो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी सांगत नव्हतो. मी खिडकीकडे बघत होतो.

बाबा म्हणाले, "डॉक्टर सायेब, गोली मीच चुकवायचो. पोराला म्हायत न्हाय. त्यो हातावं ठेवायचा, मी टाकून देयाचो."

डॉक्टर चिडले. चांगली दोन-चार मिनिटं बोलले. रुग्णाने खोटं सांगितलं तर डॉक्टर आंधळेपणाने डोस वाढवतो आणि मग असं होतं, जीव गेला असता तर जबाबदार कोण. बाबा शाळेतल्या मुलासारखे ऐकत होते. डॉक्टरांनी कागदावर नव्याने लिहिलं. पहिल्यासारखा कमी डोस, पुन्हा पहिल्यापासून, रोज दाब मोजून, मग हळूहळू वाढवायचं. गोळी वाचली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आत्याने आईला सगळ्या पाहुण्यांसमोर गाठलं. भाऊ गोळ्या टाकत होता तर घरातल्या बाईचं लक्ष कुठे होतं, आणि वर मिठाने त्याला सुजवलं, असं म्हणाली. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी शेजारी चहाचे ग्लास धरून उभा होतो.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी आणि बाबा दोघेच उरलो. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली. त्यांनी हातानेच थांबवलं. "आता रोजची दे," म्हणाले, "कारखाना बंद राह्यला तरी चालंल." या विषयावर ते माझ्याशी बोलले ते तेवढंच.

बाबा त्यानंतर सात वर्षं जगले. ती सात वर्षं फार चांगली गेली. सकाळी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेले बाबा मला अजून दिसतात, दोन मिनिटं, घड्याळ नसताना बरोब्बर दोन मिनिटं. डॉक्टरांनी रोज वजन बघायला सांगितलं होतं, एक-दोन दिवसांत एकदम वाढलं तर पाणी साठतंय असं समजून कळवायचं. घरात वजनाचं यंत्र नव्हतं. बाबा शेडमधल्या सुताच्या गोण्या तोलायच्या काट्यावर उभे राहायचे. कारीगर काटा वाचायचे आणि विचारायचे, "चाचा, आज माल कम क्यों आया?" बाबा म्हणायचे, व्यापाऱ्यानं कापला. रोज तोच विनोद आणि रोज तेच हसणं. दोनदा वजन वाढलं, दोन्ही वेळा मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं आणि विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं खरं उत्तर दिलं. पुढे लूमही विकल्या. बाबा गेले ते शांतपणे गेले, दुपारच्या झोपेत.

त्यांनी माझा गुन्हा अंगावर घेतला आणि तसाच नेला. त्यांच्याकडे कबूल करायची वेळ निघून गेली. पण आई आहे. ती अजून अळणीच जेवते, सवय झाली म्हणते.

मागच्या महिन्यात मी तिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मी दिवसाआडपासून सगळं सांगितलं, डॉक्टरांसमोर तिचं नाव घेतलं तेही. मला वाटलं होतं रडेल, किंवा जाऊ दे म्हणेल. तिने हातातली भाजी खाली ठेवली. उठून आत गेली. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, ताट मात्र वाढत होती. चौथ्या दिवशी दुपारी समोर येऊन बसली.

"तू त्याला मारत होतास," ती म्हणाली. "आणि नाव माझं लावलंस."

मी हो म्हणालो.

"तुझ्या बानं तुला झाकला. मला कोन झाकनार होता?"

 तिने फोनकडे बोट केलं. "आत्याला लाव. आत्ता लाव. माझ्यासमोर सांग."

आत्या नव्वदीला आलीय. नातवाने फोन तिच्या कानाला धरला. मी म्हणालो, आत्या, बाबांच्या गोळ्या मी चुकवत होतो. पलीकडून उत्तर आलं, "कोनाची गोली?" पुन्हा सांगितलं. "मोठ्यान बोल रं, आयकू येत न्हाय." ओट्यावर गल्लीतली चार माणसं बसलेली होती, दार उघडं होतं. मी दार लावायला उठलो, तर आईने मान हलवली, राहू दे.

मग मी लूम चालू असताना बोलायचो तेवढ्या आवाजात सांगितलं. बाबांच्या गोळ्या मी चुकवत होतो. आईने मीठ घातलं नव्हतं. आईची काही चूक नव्हती.

  आत्या म्हणाली, "फोन वयनीला दे."

आईने फोन घेतला, कानाला लावला आणि तोंड भिंतीकडे करून बसली. त्या दोघी काय बोलल्या ते मला कळलं नाही. मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो.  आतून आईचा आवाज येत राहिला, आधी बारीक, मग चांगला मोठा.